मत त्यांचं, मुदत चाकणची

बुधवार, २७ ऑगस्ट २०२५. गणेश चतुर्थी. सकाळी ९ वाजून ३१ मिनिटांनी भारतातून अमेरिकेत जाणाऱ्या बऱ्याचशा मालावरचं जादा आयात शुल्क २५ टक्क्यांवरून ५० टक्क्यांवर गेलं. वॉशिंग्टनमध्ये तेव्हा मध्यरात्र उलटून एक मिनिट झालं होतं. तिथले शुल्काचे हुकूम बहुतेक वेळा रात्री १२.०१ ला लागू होतात. तिथल्या उन्हाळी वेळेच्या हिशेबाने ते आपल्याकडे सकाळी ९.३१ ला येतात, म्हणजे कारखान्यात पहिल्या पाळीचा चहा होतो त्या सुमाराला.

हा हुकूम काढणाऱ्याला निवडून देण्यात चाकण, भोसरी, तळवडे, पिंपरीतल्या कुणाचाही हात नव्हता. त्याला पाडण्याचा अधिकारही इथे कुणाला नाही. तरी ट्रकचे अॅक्सल, क्रँकशाफ्ट, ट्रॅक्टरचे गिअर आणि उत्खनन यंत्रांचे सुटे भाग घडवणाऱ्या या पट्ट्यातल्या शेकडो शेडवर त्याचा भार पडला. अमेरिकेच्या ज्या निवडणुकीत ज्यांना मत नाही, पण जिचा निकाल ज्यांच्या ओव्हरटाइमपर्यंत येऊन पोचतो, त्यांच्या बाजूने हा घटनाक्रम, २७ ऑगस्टच्या ९.३१ पासून मागे तास मोजत, मांडला आहे.

७०६१ तास आधी

६ नोव्हेंबर २०२४, पहाटे साडेचार. अमेरिकेच्या इंडियाना आणि केंटकी राज्यांच्या काही भागांत अध्यक्षपदासाठीचं मतदान संपून मोजणीला सुरुवात झाली. आपल्याकडे दिवाळी नुकतीच सरली होती. भाऊबीज रविवारी झाली होती आणि लातूर, नांदेड, बीड, बुलढाण्याकडून कामगार रात्रीच्या गाड्यांनी परतत होते. पहाटे नाशिक फाट्यावर आणि भोसरीत बॅगा घेऊन उतरणारी ही माणसं खोलीवर जाऊन, आंघोळ करून सात वाजता गेटवर उभी राहतात.

या पट्ट्यात तेव्हा आपलीच निवडणूक तापली होती. विधानसभेचं मतदान २० नोव्हेंबरला होतं. भोसरीत महेश लांडगे विरुद्ध अजित गव्हाणे, चिंचवडमध्ये शंकर जगताप विरुद्ध राहुल कलाटे, आणि चाकण ज्यात येतं त्या खेड-आळंदीत दिलीप मोहिते विरुद्ध बाबाजी काळे. प्रचाराच्या गाड्यांवरून पाणी, लष्करी ‘रेड झोन’मधली बांधकामबंदी, चाकणची वाहतूककोंडी यांवर भाषणं चालू होती. चहाच्या टपरीवर याच नावांची चर्चा होती आणि ती रास्तही होती. आपला आमदार आपल्याला निवडता येतो.

पण दूरच्या त्या निवडणुकीत आपल्याबद्दल काय बोललं जातंय, हे इथे फार थोड्यांनी वाचलं होतं. १० ऑक्टोबर २०२४ रोजी डेट्रॉइटच्या इकॉनॉमिक क्लबमध्ये, म्हणजे मोटारींच्या राजधानीत, डोनाल्ड ट्रम्प यांनी भारत आयात मालावर सगळ्यात जास्त शुल्क लावतो असं म्हटलं होतं. आपण निवडून आलो तर जशास तसं शुल्क लावू, हे ते महिनोन्महिने सांगत होते. पुढे जे झालं ते अचानक झालं, असं म्हणण्याची सोय त्यांनी ठेवलेली नाही.

७०४९ तास आधी

त्याच दिवशी दुपारी ४ वाजून ४ मिनिटं. पहिली पाळी सुटून कंपनीच्या बसेस रस्त्याला लागल्या होत्या. असोसिएटेड प्रेसने विस्कॉन्सिन ट्रम्प यांच्या खात्यात टाकलं आणि विजयासाठी लागणारा २७० चा आकडा पार झाला.

विस्कॉन्सिन, मिशिगन आणि पेनसिल्व्हेनिया ही तिन्ही राज्यं गिरण्या, ओतकाम आणि मोटारींच्या कारखान्यांची. तिन्ही मिळून ट्रम्प यांचं मताधिक्य जेमतेम दोन लाख तीस हजार होतं. आपल्या एका चिंचवड विधानसभा मतदारसंघात सहा लाखांहून जास्त मतदार आहेत. चिंचवडच्या यादीच्या निम्म्याहूनही कमी मतांच्या फरकाने ती तीन राज्यं तिकडे झुकली. त्यांतला एखादा मतदार मिशिगनमधल्या बंद पडलेल्या कारखान्याचा जुना कामगार असेल, तर आपलं काम चाकणसारख्या कुठल्यातरी गावी गेलं, असं त्याला वाटत असणार. त्याचा राग मला परका वाटत नाही. तळेगावात जनरल मोटर्सचा प्रकल्प होता. डिसेंबर २०२० मध्ये तिथलं उत्पादन थांबलं आणि तिथल्या कामगारांनी पुढची काही वर्षं न्यायालयाच्या आणि सरकारी कचेऱ्यांच्या पायऱ्या झिजवल्या. तोही निर्णय डेट्रॉइटमधल्या कार्यालयातूनच आला होता. मिशिगनचा कामगार आणि तळेगावचा कामगार एकमेकांना कधी भेटले नाहीत. भेटले असते तर त्यांच्याकडे बोलण्यासारखं पुष्कळ होतं.

त्याच रात्री त्याच डेट्रॉइट शहराच्या मतदारसंघातून बेळगावचे श्री ठाणेदार अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहावर पुन्हा निवडून आले. मराठी घरात वाढलेला माणूस तिथल्या कायदेमंडळात बसतो, याचा इकडे आनंद होणं स्वाभाविक आहे. पण ते प्रतिनिधी डेट्रॉइटचे आहेत, भोसरीचे नाहीत. निगडी-प्राधिकरणात, वाकडला, पिंपळे सौदागरला ज्यांची मुलं तिकडे एच-वन-बी व्हिसावर आहेत त्या घरांतही दिवसभर टीव्ही चालू होता. तीही मुलं तिकडे कर भरतात, घरभाडं भरतात, आणि त्यांनाही मत नाही. ग्रीनकार्ड मिळालं तरी अध्यक्षाच्या निवडणुकीत मत मिळत नाही.

५२४३ तास आधी

२० जानेवारी २०२५, रात्री साडेदहा. ट्रम्प यांचा शपथविधी. त्यानंतर चोविसाव्या दिवशी, १३ फेब्रुवारीला, पंतप्रधान नरेंद्र मोदी व्हाइट हाउसमध्ये होते. २०३० पर्यंत दोन्ही देशांचा व्यापार ५०० अब्ज डॉलरवर न्यायचा आणि वर्ष संपण्याआधी कराराचा पहिला टप्पा पुरा करायचा, असं ठरलं. चाकणमधल्या निर्यातदारांनी ते ऐकून सुटकेचा निःश्वास सोडला. मला वाटतं, इथे पहिली संधी हुकली. करार होईल या भरवशावर कित्येकांनी नव्या यंत्रांची कर्जं घेतली, पण शुल्क वाढलं तर ते कोण सोसणार हे खरेदीदाराकडून लिहून घेतलं नाही.

३५१२ तास आधी

३ एप्रिल, रात्री दीड. तिसरी पाळी चालू होती. ट्रम्प व्हाइट हाउसच्या रोझ गार्डनमध्ये तक्ता हातात धरून उभे होते आणि तक्त्यात भारतापुढे २६ टक्के लिहिलं होतं. आठवड्याभरात त्याला नव्वद दिवसांची स्थगिती मिळाली आणि सगळ्यांसाठीचा दहा टक्के दर राहिला. सकाळी नोटीस बोर्डावर काहीच लागलं नव्हतं. पण मार्केटिंगवाल्यांच्या फोनवर अमेरिकी खरेदीदारांचे मेल येऊ लागले होते, की पुढच्या तिमाहीचं शेड्यूल जरा थांबवा.

२७८४ तास आधी

३ मे, शनिवार, सकाळी ९.३१. या घड्याळाचा हा एक ठोका. मोटारी आणि हलक्या ट्रकच्या सुट्या भागांवर २५ टक्के शुल्क लागू झालं. ते सगळ्या देशांना होतं, म्हणून इथे थोडा दिलासा मानला गेला. पण अमेरिकेशी झालेल्या करारात बसणारे मेक्सिकोचे आणि कॅनडाचे भाग त्यातून सुटले. चाकणचा नकल जॉइंट २५ टक्के भरणार आणि मेक्सिकोचा शून्य.

भारताच्या सुट्या भागांच्या उद्योगाने २०२४-२५ मध्ये २२.९ अब्ज डॉलरची निर्यात केली. त्यात चौथ्या हिश्श्याहून जास्त वाटा अमेरिकेचा होता. हा माल उद्या दुसरीकडे विकू, असं म्हणून विकता येत नाही. अमेरिकी ग्राहकाचं ड्रॉइंग येतं, त्याप्रमाणे डाय बनते, नमुने जातात, उत्पादनाआधीची तपासणी, म्हणजे पीपॅप, मंजूर होते, मग कुठे शेड्यूल सुरू होतं. यात वर्ष जातं, कधी दोन. त्या ड्रॉइंगचा भाग त्या एकाच ट्रकला बसतो. जर्मनीच्या ट्रकला तो बसणार नाही आणि टाटांच्याही नाही. मत नसलेल्या माणसाची खरी अडचण ही आहे. मतदार चार वर्षांनी आपलं मत बदलू शकतो, पण ज्याने डाय केली तो डाय बदलू शकत नाही.

६६४ तास आधी

३० जुलै, संध्याकाळ. ट्रम्प यांची पोस्ट आली. भारतावर २५ टक्के, शिवाय रशियाकडून तेल आणि शस्त्रं घेतो म्हणून दंड. मुदत १ ऑगस्टची होती, ती पुढे ७ ऑगस्टवर गेली.

सुमारे ४९४ तास आधी

६ ऑगस्ट, संध्याकाळ. दंडाचा आकडा ठरला : आणखी २५ टक्के, एकवीस दिवसांनी लागू. या हुकुमापाशी थोडं थांबायला हवं, कारण चाकणच्या दृष्टीने यातलं प्रत्येक कलम महत्त्वाचं होतं.

दंड रशियन तेलासाठी होता. पण ऊर्जेशी संबंधित माल या जादा शुल्कातून आधीपासूनच वगळलेला होता आणि ती सूट तशीच राहिली. म्हणजे तेलशुद्धीकरण कारखान्यातून अमेरिकेला गेलेल्या इंधनाला दंड नाही, आणि तेलाशी कसलाही संबंध नसलेल्या फोर्जिंगला दंड. औषधं सुटली, स्मार्टफोन सुटले. भोसरीत सीएनसीवर उभा असलेला सेटर सुटला नाही.

दुसरं कलम त्याहून अवघड. मोटारी आणि हलक्या ट्रकच्या भागांवर आधीच वेगळ्या कायद्याखाली २५ टक्के होते, त्यामुळे त्यांवर हे नवं शुल्क चढलं नाही. अवजड ट्रक, ट्रॅक्टर आणि बांधकाम यंत्रांच्या भागांना मात्र ते संरक्षण नव्हतं. त्यांच्यावर २५ आणि २५ मिळून ५० झाले. समजा एका शेडमध्ये शेजारी शेजारी दोन यंत्रं आहेत. एकावर पिकअपचा हब वळतोय, दुसऱ्यावर अठरा चाकी ट्रकचा. पोलाद एक, कामगार एक, पाळी एक. एका हबला २५ टक्के आणि दुसऱ्याला ५०. पुण्याच्या फोर्जिंग उद्योगाची अमेरिकेतली पत तर ट्रकच्या भागांवरच उभी आहे. मुंढव्याच्या भारत फोर्जपासून चाकणच्या मशिनिंग शॉपपर्यंतची साखळी फ्रंट अॅक्सल बीम आणि क्रँकशाफ्ट यांच्याभोवती वाढली. फटका नेमका तिथेच बसला.

तिसरं कलम वरवर पाहता दयाळू होतं. २७ ऑगस्टच्या आत जो माल जहाजावर चढेल आणि १७ सप्टेंबरच्या आत अमेरिकेत दाखल होईल, त्याला जादा दंड लागणार नव्हता.

आता हिशेब मांडून पाहू. न्हावा-शेवाहून अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याला जहाज जायला साधारण महिना लागतो. तांबड्या समुद्रातल्या हल्ल्यांमुळे २०२३ च्या अखेरीपासून बहुतेक जहाजं आफ्रिकेला वळसा घालून जात होती, म्हणजे वेळ आणखी वाढलेला. २६ ऑगस्टला चढवलेला माल १७ सप्टेंबरला पोचायचा तर हातात बावीस दिवस. तो पोचणारच नव्हता. सवलत मिळवायची तर जहाज ऑगस्टच्या मध्याला सुटायला हवं. त्यासाठी कंटेनर त्याच्या तीन-चार दिवस आधी बंदराच्या आत हवा, त्याच्याही आधी माल पॅक, तपासणी पुरी, कागद तयार.

म्हणून माझं म्हणणं असं आहे की २७ ऑगस्ट ही वॉशिंग्टनची मुदत होती. चाकणची मुदत त्याच्या पंधरा दिवस आधी संपली. हुकूम आला त्या संध्याकाळी ज्याचा माल पॅक होऊन फिनिश्ड गुड्सच्या रॅकवर नव्हता, त्याच्यासाठी एकवीस दिवस कधी नव्हतेच. त्याच्याकडे होते चार-पाच.

४८० तास आधी

७ ऑगस्ट, सकाळी ९.३१. पहिले २५ टक्के लागू. त्याच दिवशी दिल्लीत एम. एस. स्वामिनाथन यांच्या जन्मशताब्दीच्या परिषदेत पंतप्रधान म्हणाले की शेतकरी, मच्छीमार आणि दुग्धव्यावसायिक यांच्या हिताशी तडजोड करणार नाही, त्यासाठी वैयक्तिक किंमत मोजावी लागली तरी चालेल. शेतकऱ्याचं हित जपलंच पाहिजे, चाकणमधला निम्मा कामगार शेतकऱ्याचाच मुलगा आहे. पण त्या मुलाच्या हिताची वेगळी ओळ त्या दिवशी कुणाच्या भाषणात नव्हती.

त्याच दिवसांत चाकणच्या तळेगाव चौकात भल्या पहाटे तेव्हाचे उपमुख्यमंत्री अजित पवार वाहतूककोंडी पाहायला उभे होते. या चौकातली कोंडी इथल्या लोकांना नवी नाही. पण ज्या आठवड्यात एकेका दिवसाला सप्टेंबरमधल्या २५ टक्क्यांची किंमत होती, त्या आठवड्यातही कंटेनर त्याच चौकात तासन्‌तास अडकत होते. अमेरिकेचा अध्यक्ष आपल्याला बदलता येत नाही. तळेगाव चौक बदलता येतो, आणि तो वर्षानुवर्षं बदललेला नाही, याचा मला जास्त राग आहे.

२१६ तास आधी

१८ ऑगस्ट, सकाळी ९.३१. पुन्हा तीच वेळ. पोलाद आणि अॅल्युमिनियमच्या ५० टक्के शुल्काच्या यादीत अमेरिकेने आणखी ४०७ वस्तूंचे प्रकार घातले. काही भागांना आता दंड असो वा नसो, त्यांतल्या पोलादाच्या किमतीवर ५० टक्के पडणारच होते. २५ ऑगस्टपासून अमेरिकेचं वाटाघाटी करणारं पथक दिल्लीत येणार होतं, तो दौरा रद्द झाल्याच्या बातम्या आदल्याच आठवड्याअखेरीला आल्या होत्या.

सुमारे ४८ तास आधी

२५ ऑगस्ट, सोमवार. टपाल खात्याने अमेरिकेला जाणारी बहुतेक पार्सलं स्वीकारणं थांबवलं. कमी किमतीच्या पार्सलांची शुल्कमाफी तिकडे २९ ऑगस्टला संपणार होती आणि ते शुल्क गोळा कसं करायचं, हे विमान कंपन्यांना स्पष्ट नव्हतं. मुलाला फराळ पाठवायचा विचार करणाऱ्या घरांनाही हा घटनाक्रम असा येऊन भिडला. त्याच दिवशी अमेरिकी सरकारने ५० टक्क्यांची अधिकृत सूचना काढली. अखेरच्या क्षणी काहीतरी होईल, ही आशा तिथे संपली.

१८ तास आधी

२६ ऑगस्ट, दुपारी साडेतीन. शेअर बाजार बंद होताना सेन्सेक्स ८४९ अंशांनी खाली होता. चिंचवड स्टेशनच्या आणि आकुर्डीच्या बाजारात त्या वेळी दुर्वा, केवडा, मखरं आणि पूजेच्या सामानासाठी गर्दी होती. कारखान्यांत गणपतीचा मंडप उभा राहत होता. इकडे बाप्पा कंपनीतही बसतो. मेंटेनन्सवाले लाइटिंग करतात आणि आरतीला मालक आणि हेल्पर एका रांगेत उभे असतात.

डिस्पॅचमध्ये जो माल उरला होता त्याला समुद्राची वाट बंद झाली होती. विमानाने पाठवायचा तर वजनदार लोखंडाचं भाडंच नफा खाऊन टाकतं. शिवाय ज्यांचा करार माल ग्राहकाच्या दारात शुल्कासह पोचवण्याचा आहे, किंवा ज्यांनी तिकडे स्वतःच्या नावाने गोदाम घेतलंय, त्यांना शुल्क स्वतःच्याच खिशातून भरायचं होतं. मशिनिंगच्या धंद्यात शंभर रुपयांच्या मालात हाती उरतात ते मोजके रुपये. त्यातून पन्नास कुठून देणार?

शून्य

२७ ऑगस्ट, सकाळी ९.३१. शेअर बाजार बंद होता, बँका बंद होत्या, बऱ्याच कंपन्यांना सुट्टी होती. घरोघरी मध्यान्हीच्या मुहूर्ताची तयारी चालली होती. कुठे भोंगा वाजला नाही. शुल्काचा आघात असा दिसत नाही. तो ठरलेल्या क्रमाने येतो. आधी शेड्यूल खाली येतं. मग ओव्हरटाइम थांबतो, आणि ज्याचं घरभाडं ओव्हरटाइमवर चालतं तो गावाकडे पैसे पाठवणं थांबवतो. मग बाहेर दिलेलं जॉबवर्क परत आत येतं आणि तळवड्यातल्या चार यंत्रांच्या शेडचा हप्ता थकतो. मग कॉन्ट्रॅक्टवरच्या मुलाला ‘ब्रेक’ मिळतो. त्याच्या हातात पत्र पडत नाही. उद्यापासून येऊ नको, इतकं ठेकेदाराच्या सुपरवायझरने सांगितलं की झालं. कायम कामगारापर्यंत आच पोचते तेव्हा खालच्या तीन पायऱ्या जळून गेलेल्या असतात. या क्रमात मिशिगनचं मत सगळ्यात वर आहे आणि बिनपत्राचा कॉन्ट्रॅक्ट कामगार सगळ्यात खाली.

१ नोव्हेंबरला अवजड ट्रकच्या भागांसाठी २५ टक्क्यांचा वेगळा नियम आला आणि त्यांचा दर निम्म्यावर आला. म्हणजे ६६ दिवसांत तो आकडा बदलला, आणि त्यानंतरही बदल थांबले नाहीत. मधल्या काळात गेलेला ओव्हरटाइम कुणी परत दिला नाही. मधे २१ सप्टेंबरच्या रविवारी, पुन्हा सकाळी ९.३१ ला, नव्या एच-वन-बी अर्जावर एक लाख डॉलरचं शुल्क लागू झालं आणि वाकड-हिंजवडीच्या घरांनाही ही वेळ पाठ झाली.

आपल्या हातात मत नाही, पण वाचणं आहे. पिंपरी-चिंचवडच्या लघुउद्योग संघटना, चाकणच्या उद्योगांचा महासंघ, पुण्याचं मराठा चेंबर यांना माझी विनंती आहे. अमेरिकेचा शुल्काचा प्रत्येक हुकूम त्याच रात्री मराठीत समजावून चार यंत्रांच्या शेडपर्यंत पोचवणारी माणसं नेमा. सभासदांच्या करारात शुल्क वाढल्यास कोण किती सोसणार याचं कलम घालायला लावा. सरकारने कॉन्ट्रॅक्ट कामगाराला ब्रेक देताना लेखी पत्र आणि राहिलेला पगार सक्तीचा करावा, आणि चाकणचा रस्ता करावा. कामगार संघटनांनी तिकडच्या वाहन कामगारांच्या संघटनेशी बोलायला सुरुवात करावी. त्या संघटनेने मार्च २०२५ मध्ये मोटारींवरच्या शुल्काचं उघड स्वागत केलं होतं. माझ्या माहितीत, त्यांना चाकण कसं आहे हे सांगायला आजवर कुणी गेलेलं नाही.

अमेरिकेची पुढची अध्यक्षीय निवडणूक ७ नोव्हेंबर २०२८ रोजी आहे. तिचे उमेदवार आपल्या मालाबद्दल काय बोलतात, ते निवडणुकीच्या वर्षभर आधीपासून डेट्रॉइटमध्ये ऐकायला मिळेल.